मिश्र अध्ययन

प्रत्यक्ष वर्गातील अध्यापन आणि इंटरनेटवरून होणारे अध्ययन यांची एकाच अभ्यासक्रमात जाणीवपूर्वक घातलेली सांगड म्हणजे मिश्र अध्ययन होय. महाविद्यालयांच्या रोजच्या बोलण्यात त्याला ‘ब्लेंडेड लर्निंग’ असेच म्हणतात. वर्गात प्रोजेक्टर लावणे किंवा व्याख्यानानंतर स्लाइड व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकणे एवढ्याने अध्यापन मिश्र ठरत नाही. ऑनलाइन भाग वगळला तर वर्गातला तास अर्धवट राहावा आणि तास बुडवला तर ऑनलाइन भागाचा उपयोग कळू नये, इतके ते दोन्ही एकमेकांत गुंतलेले असावे लागतात. काही विद्यार्थी बाकांवर आणि काही त्याच वेळी पडद्यावर, असा ‘हायब्रिड’ तास ही निराळी गोष्ट आहे. करोनाकाळापासून या दोहोंची गल्लत सर्रास होते.

या कल्पनेचे मूळ इंटरनेटच्याही आधीचे आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने छापील पाठ, बीबीसीवरील कार्यक्रम, स्थानिक मार्गदर्शकांच्या बैठका आणि उन्हाळी निवासी वर्ग यांची जोड घातली होती. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या (१९८९) अभ्यासकेंद्रांवरील संपर्क सत्रे त्याच जातीची. माध्यम बदलले, पण एकट्याने काय शिकायचे आणि चारचौघांत काय, हा प्रश्न तोच राहिला.

त्याचे आज सर्वांत परिचित असलेले उत्तर म्हणजे ‘फ्लिप्ड’ अर्थात उलटा वर्ग. हार्वर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ एरिक मॅझूर यांनी १९९० च्या दशकात विद्यार्थ्यांना पाठ आधी वाचून यायला लावले आणि वर्गातला वेळ संकल्पनांवरील प्रश्न व शेजाऱ्याशी चर्चा यांना दिला. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील वुडलँड पार्क येथील जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स या शाळाशिक्षकांनी २००७ च्या सुमारास गैरहजर मुलांसाठी रसायनशास्त्राचे तास चित्रित करायला सुरुवात केली. त्यातून व्याख्यान घरी आणि गृहपाठ वर्गात, अशी अदलाबदल रूढ झाली. विद्यार्थी अडतो तो व्याख्यान ऐकताना क्वचितच, गणित सोडवताना मात्र हटकून; तेव्हा शिक्षक तिथेच हजर असावा, हे यामागचे साधे तर्कशास्त्र आहे.

भारतात आयआयटी मुंबईने प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने राबवलेला ‘ट्रेन टेन थाउजंड टीचर्स’ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा उपक्रम या दृष्टीने लक्षणीय ठरतो. पवईहून होणारी व्याख्याने देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दूरस्थ केंद्रांवर थेट दिसत, आणि प्रात्यक्षिके व शंकानिरसन त्या त्या केंद्रावर होई. ते सांभाळणाऱ्या स्थानिक समन्वयकांना आधी पवईत तयार केले जाई. प्रक्षेपणाचे तंत्र लक्ष वेधून घेत असले, तरी उपक्रमाचा खरा कणा हे समन्वयकच होते.

परिणामकारकतेबद्दल बोलताना कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाचे उदाहरण हमखास दिले जाते. २०१२ मध्ये तेथे एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान संस्थेचा विद्युत मंडलांवरील ऑनलाइन अभ्यासक्रम घरी पाहून वर्गात गटाने गणिते सोडवणाऱ्या तुकडीत ९१ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. पारंपरिक तुकड्यांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आत होते. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठात केवळ ऑनलाइन चालवलेल्या काही प्रास्ताविक अभ्यासक्रमांचे निकाल निराशाजनक लागले, आणि तेथील तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांचा तयार ऑनलाइन अभ्यासक्रम वापरण्यास खुल्या पत्राद्वारे नकार दिला. दुसऱ्याची व्याख्याने दाखवून स्थानिक अध्यापकाला साहाय्यकाच्या पायरीवर आणले जाईल, ही त्यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही. अमेरिकी शिक्षण खात्याने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधन-आढाव्यात मिश्र पद्धत निव्वळ वर्गाध्यापनापेक्षा सरस आढळली. मात्र अशा प्रयोगांत विद्यार्थ्यांना बहुधा जास्तीचा वेळ आणि साहित्यही मिळालेले असते, असा इशारा त्याच आढाव्यात आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मे २०२१ मधील संकल्पना-टिपणाने अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली. टक्केवारी वेळापत्रक आखायला सोयीची असते. कोणते काम कुठे करायचे, हे तिच्यातून ठरत नाही.

शिवाय साधनांची अडचण आहेच. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीच्या २०२१ च्या ग्रामीण सर्वेक्षणात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतील सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो अभ्यासासाठी मिळत नव्हता. घरातला एकुलता एक फोन दिवसभर कुणाच्या तरी खिशातून कामावर गेलेला असेल, तर व्हिडिओ न पाहता आलेली मुले वर्गात असणारच. त्यांच्यासाठी शिक्षक तोच पाठ फळ्यावर पुन्हा शिकवू लागला, की व्हिडिओ पाहून आलेली मुलेही पुढच्या आठवड्यापासून तो पाहणे सोडून देतात. म्हणून काही शिक्षक व्हिडिओसोबत त्याच मजकुराचे छापील पान देतात आणि तासाच्या आरंभी दोन-तीन प्रश्नांची छोटी चाचणी घेऊन त्यावरून गट पाडतात.