अस्थिवय

हाडांची पक्वता कोणत्या टप्प्यावर आली आहे हे एक्स-रेवरून पाहून वर्षांत सांगितलेले वय. जन्मतारखेवरून मोजलेले वय वेगळे. उंची खुंटणे, पाळी फार लवकर किंवा उशिरा येणे, थायरॉइडची कमतरता यांच्या तपासणीत अस्थिवय उपयोगी पडते. ग्रामीण विदर्भात मात्र जन्माचा दाखला नसलेल्या मुलामुलींचे वय ठरवण्यासाठीही ते मागवले जाते, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो.

डाव्या हाताचा व मनगटाचा एकच एक्स-रे पुरतो. बांगड्या, कडे काढायचे. तळवा सपाट, बोटे किंचित फाकलेली, अंगठा तर्जनीपासून सुमारे ३० अंशांवर. रेडियस व अल्ना या कोपर ते मनगटाच्या दोन हाडांची खालची टोके चित्रात पूर्ण आली पाहिजेत. वाढत्या हाडाचे टोक आणि दांडा यांत फट असते, वाढ संपत आली की ती मिटून टोक दांड्याला जुळते. बोट वाकले की पेरातली ही फट झाकली जाते, टोक जुळल्यासारखे दिसते आणि वय फुकट वाढते. फिल्मचा मोबाइलवर काढून पाठवलेला फोटोही याच कारणाने वाचू नये.

मनगटातील कॅपिटेट व हॅमेट ही छोटी हाडे पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागतात, रेडियसचे खालचे टोक वर्षाच्या आसपास, मनगटातलेच पिसिफॉर्म सर्वांत शेवटी. मनगटाची हाडे मोजून वय सांगण्याची सवय अजून दिसते, ती सोडावी. शाळकरी वयात बोटांच्या पेरांना अधिक वजन द्यावे. मुली मुलांच्या पुढे असतात, म्हणून लिंग न लिहिलेली फिल्म वाचूच नये.

फिल्म ज्याच्याशी जुळवून पाहतात तो वयवार नमुना एक्स-रेंचा संग्रह म्हणजे नकाशा. ग्रुलिख-पाइल नकाशा (दुसरी आवृत्ती १९५९) अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या सुस्थितीतील गोऱ्या मुलांवर बेतलेला आहे. टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीत एकेका हाडाला गुण देतात. तिची तिसरी आवृत्ती २००१ची. धडधाकट मुलांतही नकाशाच्या मागेपुढे वर्षभराचा फरक सर्रास आढळतो. मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीच्या माडिया मुलाला हे माप लावताना आधी कुपोषण, रक्तक्षय, जुनाट आजार यांचा विचार करावा लागतो, कारण यांनी हाडे मागे पडतात. जातजमातीच्या नावावर फरक ढकलण्याआधी मुलाचे वजन, उंची आणि अंगणवाडीतली नोंद पाहावी. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात बराच आहे: त्याने वाढ लांबते, शिवाय तान्ह्या वयात हातापायांना सूज येऊन गेलेली असेल तर तळहाताची हाडे वेडीवाकडी दिसतात आणि नकाशाशी जुळवणे फसते.

कायद्यात अस्थिवयाचा क्रमांक शेवटचा आहे. बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, तो नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तेव्हाच हाडांची तपासणी. (शाळेत नाव घालताना अंदाजाने १ जून लिहिलेली तारीख गावोगाव सापडते, तरी क्रम तोच.) सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली अशा तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक गृहीत धरली होती. सोळा-सतराच्या पुढे मनगट बहुतेक जुळून गेलेले असते. तिथे खांदा, कटीची कड आणि गळपट्टीच्या हाडाचे आतले टोक पाहावे लागते.

अहवालात नुसते ‘अस्थिवय १४’ लिहू नये. कोणता नकाशा, मुलगा की मुलगी, कोणती टोके जुळली, आणि खालची-वरची मर्यादा, एवढे तरी हवे.