हग (इंग्रजी शब्द)

हग म्हणजे मिठी. इंग्रजीत हा शब्द नाम पण आहे आणि क्रियापद पण. देवनागरीत लिहिला की काय पंचाईत होते ते सांगायला नको, म्हणून मेसेजमध्ये बरेच जण 'हग्स' असं अनेकवचनच टाकतात, आणि त्यात लहान बाळांच्या डायपरचा फेमस ब्रँड निघाला हगीज, तिथे तर मराठी माणसाला दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात.

इंग्रजीत हा शब्द १६व्या शतकात दिसायला लागतो. उगमाबद्दल एकमत नाही, पण बहुतेक जण जुन्या नॉर्स भाषेतल्या 'हुग्गा'कडे बोट दाखवतात, ज्याचा अर्थ धीर देणं, समजूत काढणं. तसं असेल तर सांत्वन आधी आलं आणि मिठी नंतर.

एम्ब्रेस हा याचा जरा सुटाबुटातला भाऊ, आपल्या आलिंगनासारखा. नवा विचार, नवा धर्म एम्ब्रेस करतात, हग नाही करत. कडल म्हणजे कुशीत शिरून निवांत पडून राहणं. हग त्या मानाने झटपट, दोन हात, पाठीवर एक थाप, झालं.

खरी मजा माणसं सोडून बाकीच्या मिठ्यांमध्ये आहे. जहाज खोल समुद्रात न शिरता कडेकडेनं जातं तेव्हा ते किनाऱ्याला हग करतं, मराठीत आपण किनारा धरून जातो. अंगाला घट्ट बसणारा ड्रेस फिगर-हगिंग. जुना राग किंवा आशा पण हग करता येते, तिथे आपलं 'उराशी कवटाळणं' अगदी फिट्ट बसतं. एकूण बघता मिठीपेक्षा 'बिलगणं' हाच शब्द जास्त ठिकाणी चालेल असं वाटतं.

बेअर हग म्हणजे अस्वली मिठी. प्रेमाची असते तशी कुस्तीतली पण, म्हणजे समोरच्याच्या कमरेभोवती हात घालून, ते एकमेकांत अडकवून, त्याला आवळत उचलायचं. बिझनेसमध्ये एखादी कंपनी विकत घ्यायला बाजारभावापेक्षा इतकी चढी ऑफर देतात की बोर्डाला शेअरहोल्डरांपुढे नाही म्हणायला तोंडच उरत नाही, तिला पण बेअर हगच म्हणतात. अस्वलाच्या गुदगुल्याच त्या. ट्री-हगर हे पर्यावरणवाल्यांना चिडवायचं नाव, काही जण ते आता अभिमानाने मिरवतात.

चॅटमध्ये एक्सओएक्सओ लिहितात त्यातला ओ म्हणजे हग, एक्स म्हणजे पापी. हगिंग फेस हा इमोजी २०१५ मध्ये युनिकोडमध्ये आला आणि त्याच्याच नावाची एक एआय कंपनी २०१६ मध्ये निघाली. इमोजीत हसरा पिवळा चेहरा आणि दोन उघडे तळवे, एवढंच, समोर मिठीत कोणीच नाही, त्यामुळे पाठवणारा मिठी मारत असतो आणि घेणाऱ्याला वाटतं हा हात हलवून टाटा करतोय.