जुन्या स्पोर्ट्स गाडीसाठी इंजिन आणि कार्बोरेटर निवडताना

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"इंजिन जाम झालंय, दुसरं मिळेल का?" हा फोन आम्हाला दरवर्षी ऑक्टोबरात येतो. पाऊस सरतो, ताडपत्री निघते आणि चार महिने चिऱ्याच्या शेडमध्ये उभी असलेली एमजी नाहीतर ट्रायम्फ हलायला तयार नसते. आमचं पोट इंजिनं बसवण्यावर चालतं, तरी पहिला सल्ला हाच: घाईने दुसरं इंजिन घेऊ नका.

खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत पिस्टनच्या रिंगा गंजून बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चिकटतात. इंजिन मेलेलं नसतं, धरलेलं असतं. अशा वेळी स्टार्टर मारत बसलात तर रिंग तुटून बोअरवर चर पडतो. सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑईल सोडा, चार-पाच दिवस विसरून जा. मग टॉप गिअर टाकून गाडी हलकेच पुढे-मागे ढकला. बरीच इंजिनं इथेच सुटतात. पुढे हेड उतरवून रिंगा आणि व्हॉल्व्हचं काम निघेल, पण मूळ ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) वाचतो. त्या ब्लॉकवरच्या नंबराची किंमत काय, ते कागदपत्रांच्या भागात येईलच.

अँबॅसिडरचं इंजिन बसतं ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर अर्धं हो, अर्धं नाही.

अँबॅसिडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि एमजीचं इंजिन एकाच घराण्यातलं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरीजचं. १९५५ साली आलेल्या एमजीए या मॉडेलला हेच १४८९ सीसीचं इंजिन होतं, फक्त एसयू या ब्रिटिश बनावटीचे जोड कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे) लावून. त्यामुळे एमजीएचा ब्लॉक फुटला असेल तर अँबॅसिडरचा चांगला ब्लॉक हा प्रामाणिक पर्याय आहे. मात्र अँबॅसिडरचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) शांत, कॉम्प्रेशन कमी आणि कार्बोरेटर एकच. कॅमशाफ्ट, पिस्टन आणि हेडचं काम न करता नुसतं उचलून बसवलंत तर गाडी दिसायला एमजीए आणि अंबा घाटाच्या चढावर अँबॅसिडर.

पुढच्या एमजीबी मॉडेलला मात्र हे चालत नाही. तिचं इंजिन १७९८ सीसी. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) दोघांचा सारखाच, ८८.९ मिमी, पण बोअर (सिलिंडरचा व्यास) ८०.२६ मिमी, अँबॅसिडरचा ७३ मिमी. "लेथवर वाढवून देतो" असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन निघून या. सात मिलीमीटर वाढवल्यावर सिलिंडरची भिंत उरत नाही.

दुसरा सापळा भंगार बाजारातला: "अँबॅसिडरचं अठराशे". ते १९९२ नंतर आलेलं १८१७ सीसीचं इसुझू इंजिन. आकडा जवळचा, पण नातं काही नाही. इंजिन म्हणून ते दणकट आहे, आम्हाला त्याच्याबद्दल तक्रार नाही. एमजीबीत घालायचं म्हटलं तर माउंटिंगपासून सायलेन्सरपर्यंत सगळं नव्याने करावं लागतं.

एमजीबीच्या इंजिनातही दोन जाती आहेत. १९६४च्या उत्तरार्धापर्यंत क्रँकला (पिस्टन फिरवतात त्या दांड्याला) तीन मेन बेअरिंग होती, नंतर पाच. इंजिन नंबर १८जी किंवा १८जीए ने सुरू होत असेल तर तीन, १८जीबी पासून पुढे पाच. पाचवालं जास्त टिकतं. पण दोघांचा क्रँक एकमेकांना चालत नाही, म्हणून पार्ट मागवण्याआधी नंबर वाचा, शक्य तर फोटो पाठवा.

वापरलेलं इंजिन घेताना आम्ही गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजतो. चारही सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. ऑईल प्रेशर गरम इंजिनाला चालत्या गाडीत ५० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) खाली जायला नको. वेल्श प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेवरची पत्र्याची बुचं) जरूर बघा. बोअरवेलचं नुसतं पाणी घालून चालवलेल्या इंजिनात ते आतून चाळणी झालेले असतात, बाहेरून रंग मात्र नवा. हेड उतरवलंच आहे तर व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं, जुन्या सीट त्याच्याच भरवशावर होत्या.

कार्बोरेटर: वेबर की एसयू?

तरुण ग्राहकांना वेबर (इटालियन बनावटीचा कार्बोरेटर) हवा असतो. दिसतो देखणा, रेस दिली की आवाजही असा की नाक्यावरची माणसं वळून बघतात. पण वेबरला चोक, मेन जेट, एअर जेट, इमल्शन ट्यूब असं सगळं एकमेकांशी जुळवावं लागतं, आणि ते जुळवून घेणारा मिस्त्री तुमच्या गावात नसतो. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला आम्ही एसयूच सुचवतो. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा पिस्टन वर उचलला जातो आणि निमुळती सुई जेटमधून तेवढंच पेट्रोल सोडते. हलणारे भाग इतके थोडे की मालक स्वतः शिकू शकतो. एमजीबीला दीड इंचाचे दोन एसयू पुरेसे आहेत.

जुने एसयू घेत असाल तर आधी थ्रॉटलचा दांडा हलवून बघा. तो ढिला असेल तर तिथून हवा शिरते, रनिंग कधीच स्थिर राहत नाही आणि लोक उगाच स्क्रू पिळत बसतात. मग पिस्टन बोटाने पूर्ण उचलून सोडा: 'खट्' असा आवाज करून खाली बसला पाहिजे. अडकला तर बहुधा आत ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी धरलेली असते, आपल्या हवेची भेट. ती फडक्याने आणि पेट्रोलने पुसा, पॉलिश पेपर लावू नका.

दोन कार्बोरेटर सारखे करायला महाग यंत्र लागत नाही. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी. फुसफुस सारखी झाली की हवा सारखी. मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण) त्यानंतर. पिस्टन जेमतेम एक मिलीमीटर उचला. रेस वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडू लागलं तर कमी, किंचित वाढून पुन्हा पूर्वपदावर आली तर बरोबर.

नवीन इलेक्ट्रिक पंप लावताना जपून. एसयूला ३ पीएसआयच्या आसपास दाब पुरतो. त्याहून बराच जास्त दाब दिला तर फ्लोटची (कार्बोरेटरच्या वाटीतल्या तरंगत्या डब्याची) सुई उचलली जाते, पेट्रोल बाहेर सांडतं आणि खाली तापलेला मॅनिफोल्ड असतो.

ई-२० पेट्रोल

वीस टक्के इथेनॉलवर मिक्श्चर पातळ होतं (पेट्रोल कमी पडतं), त्यामुळे जेटची जुनी सुई बदलून थोडी जास्त पेट्रोल सोडणारी घ्यावी लागते. इथेनॉल जुने रबरी पाइप मऊ करतं आणि हवेतला ओलावा ओढतं. मे महिन्याच्या शेवटी गाडी ठेवताना पंप बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे फ्लोटच्या वाट्या रिकाम्या होतात.

कागदपत्रं

इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, काम नंतर. ५० वर्षांहून जुन्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेतली व्हिंटेज नोंदणी घ्यायची असेल तर गाडी मूळ स्वरूपात हवी. इंजिनातले मोठे फेरफार आडवे येतात. मूळ ब्लॉक भंगारात देऊ नका असं आम्ही म्हणतो ते यासाठी. तेल लावून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवा.

भेटायला येताना आरसी बुक आणि इंजिन नंबरचा फोटो आणा. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तेवढे टाळा, तेव्हा गॅरेजात चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग असते.