पॅरा-झायलीन आणि ऑर्थो-झायलीन, नक्की फरक काय?

झायलीन म्हटलं की रंगात घालायचं थिनर आठवतं, पण ते बहुतेक वेळा सगळ्या झायलीनचं मिश्रण असतं, त्याचं सोडा. घोळ होतो तो पॅरा आणि ऑर्थो मध्ये. दोघांत ८ कार्बन, १० हायड्रोजन, बेंझिनची तीच रिंग आणि तिला लागलेले दोन मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजनचे गट). ऑर्थोत ते शेजारीशेजारी बसतात, पॅरात समोरासमोर, बस एवढंच.

निघतात पण एकत्रच, रिफायनरीत नॅफ्थाचं (कच्च्या तेलातला हलका भाग) रिफॉर्मिंग करताना, म्हणजे त्याच्या रेणूंची रचना बदलताना, आणि सोबत मेटा नावाचं तिसरं भावंड असतंच, तेही सगळ्यात जास्त. ऑर्थो १४४ डिग्रीला उकळतं म्हणून डिस्टिलेशनने वेगळं काढता येतं. पण पॅरा १३८ आणि मेटा १३९, इथे टॉवर कितीही उंच बांधा, काही उपयोग नाही. मात्र पॅरा १३ डिग्रीलाच गोठतं, ऑर्थोला उणे २५ लागतात आणि मेटाला त्याहून कमी, त्यामुळे आधी मिश्रण थंड करून पॅराचे खडे गाळून घ्यायचे, आता जास्त करून झिओलाइट (बारीक छिद्रांचं खनिज) वापरतात जे पॅरा धरून ठेवतं. उरलेलं मेटा आयसोमरायझेशनला पाठवतात, म्हणजे मिथाइलच्या जागा बदलायला, त्यातून परत थोडं पॅरा मिळतं.

एवढी खटपट पॅरासाठीच का, तर पॉलिएस्टर. पॅराचं ऑक्सिडेशन केलं की टेरेफ्थॅलिक ॲसिड होतं, त्याचे दोन ॲसिड ग्रुप दोन टोकांना, मग ग्लायकॉलशी जोडत गेलं की साखळी सरळ लांबत जाते आणि धागा ओढता येतो. व्हिनफिल्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये असंच पॉलिएस्टर बनवलं. पाण्याच्या बाटलीचं पीईटी पण तेच.

ऑर्थोचं तसं होत नाही. व्हॅनेडियमच्या कॅटॅलिस्टवर हवेसोबत गरम केलं की दोन ॲसिड ग्रुप इतके जवळ येतात की मधलं पाणी निघून रिंगच बंद होते, ते थॅलिक ॲनहायड्राइड. त्यापासून पीव्हीसी मऊ करणारे प्लास्टिसायझर आणि ऑइल पेंटचे अल्किड रेझिन बनतात.

लॅबमध्ये एकदा थंडीत पॅराची बाटली घट्ट झालेली बघून मी ती खराब समजून फेकायला निघालो होतो 😅 कोमट पाण्यात धरली आणि पाच मिनिटांत पातळ. तेव्हापासून दोन शुद्ध बाटल्यांची लेबलं गेली असतील तर मी थोडं थोडं टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन सरळ बर्फात ठेवतो, जे गोठतं ते पॅरा.