शॉक दिले की माणूस सगळं विसरतो?

‘शॉक दिले की माणूस कामातून गेला, घरच्यांनाही ओळखत नाही.’ हे आपण सिनेमातून शिकलो. तीव्र नैराश्यावरच्या ईसीटीला, म्हणजे डोक्याला विजेचे शॉक देऊन करायच्या उपचाराला, ते लागू पडत नाही. पण ‘काहीच विसरायला होत नाही’ असं छातीठोकपणे सांगणंही खरं नव्हे.

१९३८मध्ये रोमला ही पद्धत सुरू झाली तेव्हा भूल नव्हती. आता आधी भूल, स्नायू सैल करणारं इंजेक्शन, मग काही सेकंद वीज. भारतात २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने या दोन्हींशिवाय शॉक द्यायला बंदीच आहे. शुद्धीवर येताना रुग्ण नाव बरोबर सांगतो, वार मात्र चुकतो. ‘मी इथे कसा?’ हे तीनतीनदा विचारतो. हा गोंधळ बहुधा तासाभरात निवळतो.

२०१०मध्ये ८४ अभ्यास एकत्र तपासले गेले. स्मरण-एकाग्रतेतली घसरण मुख्यतः पहिल्या तीन दिवसांत दिसली. पंधरा दिवसांनंतर बऱ्याच चाचण्यांत गुण उपचाराआधीपेक्षा चांगले होते. नवल नाही, नैराश्यातच डोकं चालेनासं होतं.

खरी तक्रार वेगळी आहे, आणि या चाचण्या ती नीट पकडत नाहीत. उपचारांच्या आसपासच्या आठवडे-महिन्यांतल्या आठवणी पुसट होतात. घरात झालेलं बारसं फोटोत दिसतं, आठवत मात्र नाही. काहींना त्या परत मिळतच नाहीत. वीज देणारे इलेक्ट्रोड डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावले तर हा धोका जास्त, फक्त उजवीकडे लावले तर कमी. संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना हेच विचारावं.