आत्याचा रिपोर्ट आणि उंदराची अँटीबॉडी

बडोद्याच्या डांडिया बाजारातल्या आमच्या आत्याला बरीच वर्षं आमवात आहे. सकाळी बोटं मिटत नाहीत, सांडशी हातात धरवत नाही. गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी ॲडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन सुचवलं, पण आधी टीबीसाठी रक्त तपासून आणा म्हणाले. आत्या चिडली. "दुखतायत हात, आणि हे छातीच्या मागे का लागलेत?" त्यात रिपोर्ट आला तो 'इनडिटरमिनेट', म्हणजे ना हो, ना नाही. कागद घेऊन ती थेट माझ्याकडे आली. अशा चाचण्या लावण्यातच माझी नोकरी गेली आहे.

डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. टीबीचे जंतू शरीरात शिरले की बहुतेकांच्या बाबतीत रोगप्रतिकारक पेशी त्यांना घेराव घालून बसतात. जंतू मरत नाहीत, पण हलूही शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येत असे जंतू शिरलेले असतात. हा घेराव टिकवायला लागणारा एक निरोप्या रेणू म्हणजे टीएनएफ. आमवातात तोच सांध्यांमध्ये नको तितका बडबडतो, म्हणून ॲडॅलिम्युमॅब त्याचं तोंड बांधतं. सांधे सुटतात, पण घेरावही ढिला पडतो. अशाच दुसऱ्या एका औषधानंतर टीबी उफाळल्याच्या नोंदी २००१मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि तेव्हापासून आधी रक्त तपासायची शिस्त लागली.

मात्र झोपलेला जंतू थुंकीत सापडत नाही. मग विचारायचं कोणाला? ज्यांनी त्याला पाहिलंय त्या टी-पेशींना, म्हणजे ओळख लक्षात ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना. रक्त चार नळ्यांत घेतात. दोन नळ्यांच्या आतल्या भिंतीवर टीबीच्या जंतूच्या प्रथिनांचे तुकडे लावलेले असतात. जुनी ओळख असेल तर टी-पेशी खवळतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचा निरोप सोडतात. ही प्रथिनं निवडलीत हुशारीने. बीसीजी लशीचा जंतू काल्मेत आणि गेरँ यांनी तेरा वर्षं पुन्हापुन्हा वाढवून नरम केला, त्या प्रवासात त्याच्या जनुकांचा जो तुकडा गळाला, त्यातलीच ही प्रथिनं. म्हणून लहानपणी टोचलेल्या बीसीजीमुळे इथे गोंधळ होत नाही. कोपराखाली हातावर टोचून करायच्या टीबीच्या जुन्या चाचणीत तो होतो.

आता माझ्या आवडीचा भाग. हा निरोप मोजायचा कसा? रक्तातल्या प्रथिनांच्या गर्दीत तो असतो पिकोग्रॅममध्ये, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. तिथे कामी येते अँटीबॉडी, म्हणजे परक्या वस्तूला ओळखून तिला चिकटण्यासाठी शरीर बनवतं ते प्रथिन. उंदराला माणसाचं इंटरफेरॉन-गॅमा टोचलं की त्याच्या प्लीहेतल्या पेशी त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवू लागतात. त्या पेशीचा कर्करोगाच्या पेशीशी संकर केला की एकच अँटीबॉडी अखंड बनवत राहणारा वंश मिळतो. ही युक्ती केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५मध्ये दाखवली. १९८४मध्ये त्यांना नोबेल मिळालं, पण पद्धतीचं पेटंट कोणी घेतलंच नाही!

नुसतं चिकटणारी अँटीबॉडी मिळवणं त्यामानाने सोपं. जी भलत्याला चिकटत नाही ती मिळवताना दमछाक होते. इंटरफेरॉन अल्फा, बीटा आणि गॅमा ही नावं भावंडांसारखी वाटतात, पण गॅमाची घडण पार वेगळी. बडोद्यात गायकवाड आडनावाचा प्रत्येक माणूस राजवाड्यातला नसतो, तसंच हे. म्हणून अँटीबॉडी निवडताना तिच्यासमोर ही सगळी मंडळी एकेक करून उभी करतात आणि ती कोणाकोणाकडे दुर्लक्ष करते ते बघतात. बाटलीवर लिहिलेल्या नावावर भरवसा ठेवून महिने वाया घालवलेले लोक मी पाहिलेत. त्यांतला एक मीच.

चाचणीत अशा दोन अँटीबॉडी लागतात. एक प्लास्टिकच्या खळग्याच्या तळाला चिकटवलेली, ती गॅमाला धरते. दुसरी त्याला वरून दुसऱ्या बाजूने धरते आणि तिच्या शेपटीला रंग आणणारं एक एन्झाइम असतं. सगळं धुऊन रंगद्रव्य घातलं की आधी निळं आणि आम्ल टाकलं की पिवळं होतं. पिवळेपणा यंत्र मोजतं.

आत्यासारख्यांच्या रक्तात इथे एक खोडी असते. आमवाताच्या पुष्कळ रुग्णांत र्‍हुमॅटॉइड फॅक्टर असतो, आणि तो अँटीबॉडीलाच चिकटतो. खालची आणि वरची दोघींना तो परस्पर जोडू शकतो, मग गॅमा नसतानाही पिवळं! त्यासाठी तिसरी नळी असते, जिच्यात काहीच घातलेलं नसतं. तिच्यात जितका रंग येईल तितका टीबीच्या नळ्यांतून वजा.

आत्याचं घोडं अडलं होतं चौथ्या नळीत. तिच्यात टी-पेशींना काहीही करून डिवचणारं द्रव्य असतं. तिथेही गॅमा आलं नाही, तर पेशीच गप्प आहेत असं समजायचं. मग टीबीच्या नळीतल्या शांततेला अर्थ उरत नाही. स्टेरॉइड घेणाऱ्यांत असं होतं, आणि आत्या घेत होती. शिवाय मी विचारलं, "रक्त घेणाऱ्याने नळ्या हलवल्या होत्या का गं?"

"हलवतोय कसला! पिशवीत कोंबल्या आणि फोनवर बोलत निघाला."

नळ्या दहा वेळा हलवल्या नाहीत तर भिंतीवरचं द्रव्य रक्तात उतरत नाही. दुसऱ्यांदा मी तिला जिथे नळ्या उबेत ठेवायचा इन्क्युबेटर जागेवर आहे अशा ठिकाणी नेलं. या वेळी चौथी नळी बोलली, आणि टीबीच्या नळ्याही. एक्स-रे स्वच्छ होता, म्हणजे जंतू आहे, आजार नाही. आधी महिनाभर आयसोनियाझिड या टीबीवरच्या गोळ्या आणि मग इंजेक्शन, गोळ्या पुढेही चालू.

"म्हणजे उंदराच्या अँटीबॉडीने तपासलं, आणि आता देणार तेही अँटीबॉडीच?" हो. ॲडॅलिम्युमॅबही अँटीबॉडीच, फक्त उंदराची नव्हे, माणसाची घडण असलेली. तिची भारतीय प्रत अहमदाबादच्या झायडसने २०१४मध्ये बाजारात आणली. सध्या तो खोका आत्याच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे आहे. गोठवायचं नाही म्हणून तिने बर्फाच्या कप्प्यावर चिठ्ठी चिकटवलीय : 'इथे ठेवू नये.'