वास्तववादी किशोर कादंबरी आणि 'विषयावरची' कादंबरी: सुट्टीच्या यादीत या दोघींची गल्लत होते ती अशी

सुट्टी लागायच्या आधी आठवडाभर स्टाफरूममध्ये वाचनाची यादी बनायला लागते आणि दरवेळी कोणीतरी म्हणतंच की यंदा मुलांना जरा वास्तववादी काहीतरी देऊया, जादू आणि ड्रॅगन भरपूर झाले. मला हे ऐकून मनापासून बरं वाटतं. पण मग यादी हातात येते आणि बघते तर निम्मी पुस्तकं वास्तववादी नसतातच, ती विषयावरची असतात. एक ड्रग्जवर, एक बुलिंगवर, एक डिप्रेशनवर, एक आईबाबांच्या घटस्फोटावर, एक मोबाईलच्या व्यसनावर. प्रत्येक दुखण्याला एकेक पुस्तक. यादी करणाऱ्याची तळमळ खरी असते याबद्दल मला अजिबात शंका नाही, पण या दोन वेगळ्या जातीच्या कादंबऱ्या आहेत आणि आपण त्या एकाच नावाखाली मुलांच्या हातात देतो.

गल्लत होणं साहजिक आहे म्हणा. दोन्हीत नायक किंवा नायिका चौदा ते सतरा-अठरा वर्षांची, दोन्हीत शाळा, घर, मित्र, जादूबिदू काही नाही, बऱ्याचदा गोष्ट 'मी'च्या तोंडून सांगितलेली आणि दोन्हीत काहीतरी अवघड घडतं. मागच्या कव्हरवरचा मजकूर तर शब्द बदलून एकच असतो. वयोगटाचा शिक्का, पानांची संख्या, वाचनाची लेव्हल, यातल्या कशानेच फरक कळत नाही, कारण लेव्हल ठरवणारी मोजमापं वाक्यं किती लांब आणि शब्द किती अवघड एवढंच बघतात. इंग्रजीत या दुसऱ्या प्रकाराला समीक्षक प्रॉब्लेम नॉव्हेल म्हणतात. मी आपलं सोपं म्हणून विषयावरची कादंबरी म्हणते.

फरक समजावून सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं. प्रसंग एकच घेऊ, पंधरा वर्षांची मुलगी, तिच्या बाबांची नोकरी गेलीय. हे दोन्ही तुकडे मीच इथे लिहितेय, कुठल्या पुस्तकातले नाहीत.

पहिला असा: "बाबांची नोकरी गेल्यापासून मला सतत भीती वाटायची. माझा आत्मविश्वास कमी झाला होता आणि अभ्यासात लक्ष लागत नव्हतं. शेवटी मी समुपदेशक मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, भावना मनात दाबून ठेवू नयेत, बोललं की मन हलकं होतं. त्या दिवशी मला कळलं की मदत मागण्यात कमीपणा नसतो."

आणि दुसरा असा: "बाबा अजूनही रोज सकाळी शर्टाला इस्त्री करतात. मग तो हँगरला लावून दारामागे टांगतात आणि बनियनवरच पेपर वाचत बसतात. काल भावाने विचारलं, बाबा आज सुट्टी आहे का. बाबा हो म्हणाले. आज त्याने परत विचारलं. मी टेबलाखालून त्याच्या पायावर जोरात पाय दिला आणि मग दिवसभर मला त्याचाच राग येत राहिला, बाबांचा नाही."

पहिल्या तुकड्यात खोटं काहीच नाही हे आधी सांगते. समुपदेशकाकडे जावं, बोलावं, मदत मागावी, सगळं बरोबर. पण तो मजकूर उचलून एखाद्या माहितीपत्रकात छापला तर त्याचं काही बिघडणार नाही, मुलगी काढून मुलगा घातला, नोकरीच्या जागी आजारपण घातलं तरी वाक्यं तशीच चालतील. दुसऱ्यात तसं करता येत नाही. तो शर्ट त्याच घरातला आहे. आणि राग भलत्यावरच निघाला हे जे शेवटी आलंय ना, ते पंधरा वर्षांच्या वाचकाला लगेच कळतं, कारण त्याने ते स्वतः केलेलं असतं आणि कोणाला सांगितलेलं नसतं. त्याला कोणी समजावलं नाही की बेटा याला रागाचं विस्थापन म्हणतात, फक्त पायावर पाय पडलेला दाखवला.

हा प्रकार कुठून आला तेही थोडं सांगायला हवं, कारण दोघींचा उगम तसा शेजारशेजारचाच आहे. १९६७ साली एस. ई. हिंटन यांची 'द आऊटसायडर्स' आली. लेखिका पुस्तक छापून आलं तेव्हा अठरा वर्षांची होती, लिहायला घेतलं तेव्हा तर हायस्कूलमध्येच होती, आणि तिची तक्रार साधी होती की मुलांसाठी म्हणून जे लिहिलं जातं त्यात तिच्या आजूबाजूची मुलं कुठेच दिसत नाहीत. पुस्तकात गरीब पोरांची गँग आहे, श्रीमंत पोरांची आहे, मारामारी आहे, खून आहे. पण ते 'गँगच्या धोक्यांवरचं' पुस्तक नाही. चौदा वर्षांचा पोनीबॉय, आईवडील अपघातात गेलेले, दोन मोठे भाऊ, त्यातला थोरला घर चालवता चालवता इतका कडक झालाय की पोराला वाटतं याला मी नकोच आहे. माझ्या वर्गातली मुलं गँगवर बोलत नाहीत, ती त्या थोरल्या भावाने एका रात्री मारलेल्या थपडेवर तासभर भांडतात, त्याचं चुकलं की नाही यावर.

असलं काही मुलं वाचतात हे कळल्यावर सत्तरच्या दशकात अशा पुस्तकांची रांग लागली आणि त्यात हळूहळू माणूस मागे पडून समस्या पुढे आली. १९७१ चं 'गो आस्क ॲलिस' हे त्याचं सगळ्यात लख्ख उदाहरण. लेखक म्हणून 'अनामिक' असं छापलेलं आणि ड्रग्जच्या आहारी गेलेल्या एका मुलीची खरीखुरी डायरी म्हणून ते विकलं गेलं. पुढे बियाट्रिस स्पार्क्स या बाईंचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं, आज ते काल्पनिक म्हणूनच छापलं जातं, आणि या स्पार्क्सबाईंच्या नावावर पुढे अशाच आणखी 'अनामिक' डायऱ्या आल्या, प्रत्येकीला एकेक धोका वाटून दिलेला. इथे आणखी एक गल्लत सुटी करून घेतलेली बरी. 'खरं घडलेलं' आणि 'वास्तववादी' हे एक नाही. मुलं हमखास विचारतात, मॅडम हे खरंच झालंय का, आणि आपणही 'हो, सत्यघटनेवर आहे' असं सांगून पुस्तक गळी उतरवतो. पण वास्तववादी कादंबरी अख्खी कल्पनेतली असू शकते, नव्हे असतेच. उलट 'खरी डायरी' असं लेबल लावलं की मूल त्यातल्या प्रत्येक वाक्याला पुरावा समजायला लागतं आणि ते लेबलच खोटं निघालं तर पुस्तक देणाऱ्यावरचाही विश्वास उडतो.

आता याच्या उलटी चूकही होते आणि ती मला जास्त टोचते. काही शिक्षक म्हणतात, ठीक आहे, मग जड विषय असलेलं काहीच नको. पण जड विषय असला म्हणजे कादंबरी विषयावरची होते असं नाही. लॉरी हाल्स अँडरसन यांची १९९९ ची 'स्पीक' घ्या. मेलिंडा नववीत आलीय, उन्हाळ्यातल्या पार्टीत तिने पोलिसांना फोन केला म्हणून सगळ्यांनी तिला वाळीत टाकलंय आणि फोन का केला हे तिने कोणालाच सांगितलेलं नाही. तिच्यावर बलात्कार झालेला असतो. पण पुस्तकभर तुम्ही काय बघता, तर शाळेतली सफाईवाल्यांची एक जुनी बंद पडलेली खोली, जी ती स्वतःची लपायची जागा करते, आणि चित्रकलेच्या सरांनी तिला दिलेला एकच विषय, झाड. वर्षभर फक्त झाड. पहिली झाडं तिला अजिबात जमत नाहीत. तिचं काय झालंय हे त्या न जमणाऱ्या झाडांतून जितकं कळतं तितकं कुठल्याही समुपदेशनाच्या संवादातून कळलं नसतं असं माझं मत आहे.

तसंच वॉल्टर डीन मायर्स यांचं 'मॉन्स्टर', ज्याला २००० साली पहिलावहिला प्रिंट्झ पुरस्कार (अमेरिकेतला किशोर साहित्याचा) मिळाला. सोळा वर्षांचा स्टीव्ह, दुकानावरच्या दरोड्यात मालकाचा जीव गेला, त्यात सामील असल्याचा आरोप, आणि तो आपल्याच खटल्याची फिल्म स्क्रिप्ट लिहितोय. निकाल लागल्यावर तो आनंदाने आपल्या वकील बाईंना मिठी मारायला जातो आणि त्या वळतात. बस. त्यांना आपल्यात काय दिसलं हे तो स्वतःलाच विचारत राहतो, आणि लेखक उत्तर देत नाही. विषयावरच्या कादंबरीला हे परवडत नाही, तिला शेवटी वाचकाने काय शिकायचं ते ठरवूनच सोडावं लागतं. आपल्याकडची मिलिंद बोकीलांची 'शाळा' आठवा, नववीतला मुकुंद जोशी, मागे आणीबाणी, पुढे त्याला आवडणारी शिरोडकर, आणि तरी ती आणीबाणीवरची कादंबरी नाही की किशोरवयीन प्रेमाच्या दुष्परिणामांवरचीही नाही.

हे सगळं मला आधीपासून कळत होतं असं नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे आईवडील त्या वर्षी वेगळे होत होते आणि मी सुट्टीसाठी त्याला मुद्दाम घटस्फोटावरची एक कादंबरी काढून दिली, हे तुला आवडेल बघ म्हणून. सुट्टीनंतर त्याने परत आणली, बुकमार्क सुरुवातीच्याच पानांत. मी विचारलं तर जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मॅडम, यातला मुलगा सारखा त्याचाच विचार करतो. मी तर कधीकधी अख्खा दिवस विसरून जातो."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याचं म्हणणं किती बरोबर होतं, आईबाप वेगळे होतायत तरी मुलाला मॅच असते, कोणावर तरी क्रश असतो, बूट घट्ट होत असतात, आणि मग मध्येच जेवताना रिकामी खुर्ची दिसते. त्या पुस्तकातल्या मुलाला घटस्फोटाशिवाय आयुष्यच नव्हतं. आणि मी पुस्तक देताना त्याला न बोलता हेच सांगितलं होतं की मला तू दिसत नाहीस, तुझा प्रॉब्लेम दिसतो. बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडाइन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडलं होतं की पुस्तकं आरसाही असतात आणि खिडकीही, मुलाला स्वतःचं आयुष्यही दिसायला हवं आणि दुसऱ्याचंही. आम्ही शिक्षक त्यातला आरसा तेवढा उचलतो आणि तोही मुलाच्या तोंडासमोर धरतो, की बघ, तुझ्या गालावर काय आलंय.

त्यामुळे आता मी पुस्तक निवडताना मागचं कव्हर वाचतच नाही. मधलंच एखादं पान उघडते आणि बघते की मुख्य समस्येचा उल्लेख नसलेली सलग चार-पाच पानं आहेत का. असतील तर बहुतेक वेळा तिथे माणूस आहे. मग मोठी माणसं कशी बोलतात ते बघते, आई, शिक्षक, डॉक्टर हे सगळे पूर्ण वाक्यांत शहाणपणाचंच बोलत असतील आणि एकालाही कधी चिडचिड होत नसेल, काही विसरत नसेल, तर मला शंका येते. वाईट वागणाऱ्या पोरालाही एखादा बरा क्षण मिळालाय का, तेही बघते. शेवटी हेल्पलाइनचे नंबर छापलेत की नाही याने काही ठरत नाही हं, चांगल्या कादंबऱ्यांतही असतात आणि असावेत.

विषयावरची पुस्तकं फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. एखादं मूल स्वतः येऊन विचारतं की पॅनिक अटॅकवर काही आहे का, तेव्हा त्याला नेमकं तेच हवं असतं आणि ते लगेच द्यावं. टर्म चालू असताना वर्गात चर्चेसाठीही ती चालतात, तिथे आपण असतो, प्रश्न विचारता येतात, 'हे असं सोपं असतं का' म्हणून पुस्तकाशी भांडताही येतं. सुट्टीत तसं नसतं. मूल आणि पुस्तक दोघंच, पुढे ना परीक्षा ना तास, कंटाळा आला की ते पलंगाखाली जाणार. डानिएल पेनाक या फ्रेंच लेखक-शिक्षकाने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहिले, त्यात पुस्तक अर्धवट सोडायचा हक्कही आहे, आणि सुट्टीत मुलं तो हक्क बिनधास्त वापरतात. उपदेश त्यांना दोन पानांत ओळखू येतो, आपल्यापेक्षा लवकर.

यावेळी मी यादीतून 'विषय' हा कॉलमच काढून टाकला. पुस्तकात लैंगिक अत्याचार, आत्महत्या, हिंसा असं काही असेल तर ते स्पष्ट शब्दांत वेगळ्या कागदावर लिहून पालकांना दिलं आणि मुलांनाही तोंडी सांगितलं, ते लपवायचं नसतंच, पण ते पुस्तकाचं नाव नसतं. आणि यादीत प्रत्येक पुस्तकापुढे त्यातलं एखादं दृश्य लिहिलं, फक्त एक ओळ. थोरला भाऊ थप्पड मारतो आणि मग आपल्याच हाताकडे बघतो. आरोपी आपल्याच खटल्याची फिल्म लिहितो. मुलगी सफाईच्या सामानाच्या खोलीत जाऊन बसते आणि वर्षभर एकच झाड काढते. यादी वाटून मी फळा पुसत होते तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी आली, वर्गात फारशी न बोलणारी, आणि हळूच विचारलं, "मॅडम, ते खोलीवालं कुठलं? ती तिथे का बसते?" मी म्हटलं, ते तीच सांगते, पण खूप उशिरा. तिने नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.